चूल न पेटलेला दिवस

धम्मानंद गुरुजींचा जन्म एक जूनचा, म्हणजे कागदोपत्री. हुबळीत त्यांच्या वयाच्या माणसांना विचारून बघा, निम्मी तरी एक जूनच सांगतील. निम्मं गाव एकाच दिवशी कसं जन्मलं आणि त्या दिवशी सुइणींचं काय झालं असेल, असं कोणी विचारत नाही, कारण खरं काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. आईबापांना तारीख सांगता यायची नाही, शाळा जूनमध्ये उघडायची, मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. गुरुजी पुढे स्वतः मास्तर झाले आणि त्यांनीही किती पोरांना हाच वाढदिवस वाटला याची गणती नाही.

गंमत अशी की तारखा हाच या माणसाचा जन्मभराचा उद्योग. शहरातल्या एका मराठी शाळेत ते शिकवायचे आणि रोज सकाळी प्रार्थनेनंतर फळ्यावर दिनविशेष लिहायचे. आजच्या तारखेला जगात काय काय झालं, कोण जन्मलं, कोण गेलं. नुसतं लिहून सोडायचे नाहीत, पोरांना कळेल असं फोडून सांगायचे. सोळा एप्रिल म्हटलं की बोरीबंदरची पहिली आगगाडी, वीस मार्च म्हटलं की महाडचं तळं. कुठलीही तारीख टाका, गुरुजी सुरू झालेच म्हणून समजा. फक्त स्वतःची विचारली की म्हणायचे, "एक जून. दख्खनची राणी पहिल्यांदा धावली ती याच दिवशी. मी तिच्याएवढा देखणा नाही, एवढाच फरक." पोरं हसायची आणि विषय मिटायचा.

मिटायचा कसला. आत सलत होतं, आणि सलत होती ती तारीख नव्हे, एक वाक्य.

गुरुजींचा बाप बाळाप्पा रेल्वेच्या वर्कशॉपात खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर होता. गुरुजी तीन-चार वर्षांचे असताना तो तापानं गेला. फोटो नाही, चेहरा आठवत नाही. आठवतं ते आई, नागुबाई, एकदा संतापून बोलली ते. शाळा बुडवून पोरगं रेल्वेच्या यार्डात गाड्या बघत बसलं होतं. तिनं कान धरून घरी आणलं आणि म्हणाली, "तू झालास त्या दिवशी तुज्या बानं तुला हातात घेतलंबी न्हाई. तोंडबी बगितलं न्हाई. पाठ फिरवून गेला." मग तिचं तिलाच काय वाटलं कोण जाणे, पदर तोंडाला लावून ती आत गेली. पुन्हा तो विषय तिनं काढला नाही. गुरुजींनीही विचारलं नाही, कारण भीती वाटायची. विचारायला जावं आणि तिनं म्हणावं, व्हय, नकोच हुतास त्याला, तर काय करायचं? ते वाक्य उराशी घेऊन माणूस सत्तरीला आला.

आता गुरुजी राहतात गोकुळ रोडच्या मागच्या एका गल्लीत. मुलगा सिद्धांत जवळच्याच कारखान्यात कामाला, सून माया दवाखान्यात नर्स, नात आरुषी पाचवीला. आणि पडवीतल्या खाटेवर नागुबाई. दोन वर्षांमागं म्हातारीला पक्षाघाताचा झटका आला. त्यातून ती उठली, पण आजचं सकाळचं आठवेना. मायाला ती आपली मेलेली बहीण समजून हाक मारायची, आणि माया गुणाची पोर, "आले अक्का" म्हणून जायची. जुनं मात्र मधूनच वर यायचं, अगदी लख्ख.

असंच एका दुपारी झालं. भाजी अर्धी शिजलेली असताना गॅस संपला. माया वैतागून म्हणाली, "झालं, आज आपल्याकडं चूल नाही." खाटेवरून म्हातारी शांतपणे बोलली, "गुंडू झाला त्या दिवशीबी न्हवती. साऱ्या गल्लीत कुनाची चूल पेटली न्हवती."

गुंडू म्हणजे गुरुजी. धम्मानंद हे नाव मामानं शाळेत घालताना दिलेलं, घरात ते अजून गुंडूच. हातातला पेपर टाकून ते खाटेपाशी गेले. "का गं अव्वा? का पेटली नव्हती?"

"न्हवती बग," म्हातारी म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली.

पण गुरुजींच्या डोक्यात चक्र सुरू झालं होतं. तेव्हा ते राहायचे त्या साऱ्या वर्कशॉप गल्लीत चूल पेटली नाही असा दिवस कुठला? वर्ष साधारण छप्पन्न. आणि छप्पन्न सालचा सहा डिसेंबर. बाबासाहेब गेले तो दिवस. त्यांच्या लोकांच्या घराघरांत त्या दिवशी चुली थंड होत्या, हे गुरुजी लहानपणापासून ऐकत आले होते. तोच दिवस असेल तर? तर बापानं पाठ फिरवली ती पोराकडं नव्हे. आभाळ कोसळलेलं असताना माणसाला आपलं पोर तरी कुठून दिसणार? साठ वर्षं जे वाक्य सलत होतं ते एका तारखेनं निघून जाणार होतं.

अर्थात ते कच्चे नव्हते. गल्लीत मयत झालं की ते उचलेपर्यंत कोणी चूल पेटवत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. तशी मयतं वर्षाला कितीतरी व्हायची. त्या गल्लीतलं दुसरं कोणी विचारायला उरलं नव्हतं, ती घरंही पाडून झाली होती. जगात एकच माणूस साक्षीला होतं आणि ते पडवीत खाटेवर होतं.

"सरळ विचारा की अप्पा," माया म्हणाली. "बाबासाहेब गेले त्या दिवशी का, म्हणून विचारायचं."

"छे छे. मी 'का' म्हटलं की ती 'व्हय' म्हणणार. आधी उत्तर सांगायचं आणि मग प्रश्न विचारायचा, याला परीक्षा म्हणत नाहीत." गुरुजींना आपल्या पद्धतीचा भारी अभिमान. "उत्तर तिच्या तोंडून आपण होऊन यायला हवं. पोरांकडून मी असंच काढून घेत आलो."

मग त्यांनी काय केलं, तर शाळा उघडली. संध्याकाळी घरासमोरच्या कट्ट्यावर गल्लीतली मराठी पोरं जमवायची. ही पोरं शिकायला कन्नड नाहीतर इंग्रजी शाळेत, मराठी फक्त घरात आईच्या हाकेपुरती. त्यांना रोज दिनविशेष सांगायचा. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाचं विचारायचं, बरोबर उत्तर दिलं की ओंजळभर चुरमुरे. आणि म्हातारीची खाट कट्ट्यालगत ओढून ठेवायची. कुठल्यातरी एका तारखेला तिच्या आत काहीतरी हलेल आणि ती आपण होऊन बोलेल, असा हिशेब. डिसेंबर यायला अवकाश होता, तोवर तिला ऐकायची सवय लागेल.

आणि लागली की. जुलैत माणूस चंद्रावर उतरला तेव्हा म्हातारी "कशाला गेला बाई तिकडं" म्हणाली. पोरांना ती आवडायला लागली. ती त्यांच्यातलीच एक होऊन बसली. चुरमुऱ्यांसाठी ओंजळही पुढं करायची. दात नव्हते, तरी चघळत बसायची. पोरं जे घोकायची ते तीही त्यांच्यामागून पुटपुटायची, आणि गुरुजींना वाटायचं, वा, म्हातारी सुधारतेय.

सहा डिसेंबरला गुरुजींनी पांढरा सदरा घातला. सकाळी विहारात जाऊन आले. संध्याकाळी नळाला पाणी आलं होतं, बायका भांडी भरत होत्या, तरी पोरं आली.

"एकाच तारखेच्या खुंटीला किती गोष्टी टांगलेल्या असतात बघा," गुरुजींनी सुरुवात केली. "आज सहा डिसेंबर. खूप वर्षांपूर्वी याच दिवशी एका माणसानं यंत्रात आवाज धरून ठेवला आणि तो परत ऐकला असं सांगतात. त्याआधी माणूस गेला की त्याचा आवाज गेला, संपलं. याच तारखेला फिनलंड नावाचा थंडगार देश स्वतंत्र झाला. एकाहत्तर साली याच दिवशी आपल्या देशानं बांगलादेशाला देश म्हणून मान्यता दिली."

"आमेले?" एका पोरानं कन्नडमध्ये विचारलं, म्हणजे पुढं काय.

"पुढं छप्पन्न साल." त्यांनी ठरवलं होतं की इथं दोनच वाक्यं बोलायची. बाबासाहेब दिल्लीत गेले, लोकांना फार दुःख झालं, बस्स. पण माणूस सहा महिने जी गोष्ट मनात रोज स्वतःला सांगतोय, ती तोंडाशी आल्यावर दोन वाक्यांत कशी थांबेल? "बातमी आली आणि पोरांनो, गल्ल्याच्या गल्ल्या गप्प झाल्या. कुणाच्या घरी चूल पेटली नाही. मोठमोठे बाप्ये रस्त्यात बसून रडले. मुंबईला जायला मिळेल म्हणून लोक स्टेशनाकडं पळत सुटले. घरात काय आहे, पोरबाळ आहे, कशाचं कुणाला भान नव्हतं."

खाटेवर हुंदका आला. नागुबाई रडत होती.

"व्हय," ती म्हणाली. "चूल पेटली न्हवती. गुंडू झाला त्या दिवशी. ह्याचा बा रडत रडत स्टेशनाकडं पळाला. त्याला भानच न्हवतं."

गुरुजी खाटेपाशी खालीच बसले आणि पोरांदेखत रडले. पोरं घाबरली, मायानं येऊन त्यांना घरी पाठवलं.

पुढचे चार-पाच दिवस गुरुजी वेगळेच होते. सकाळी दाढी करताना गुणगुणायचे. आरुषीला जवळ बसवून "माझा बा" असं म्हणून बापाबद्दल सांगायला लागले, जणू त्याच्या कडेवरच वाढले होते. बसस्टॉपवर भेटलेल्या अर्ध्या ओळखीच्या माणसालाही त्यांनी सांगून टाकलं की माझा जन्म एक जूनचा नाही बरं का. माया गालातल्या गालात हसायची. सासऱ्याला एवढं सुखी तिनं कधी बघितलं नव्हतं.

अकरा डिसेंबरला कोयनेचा भूकंप होता. सदुसष्ट साल, पहाटेची वेळ. गुरुजींना तो स्वतःलाच आठवत होता. जमीन हलली तशी आईनं त्यांना घोंगडीसकट ओढत गल्लीत आणलं होतं, आणि सकाळपर्यंत सगळी बाहेर कुडकुडत बसली होती. पोरांना त्यांनी तसंच रंगवून सांगितलं.

"व्हय," खाटेवरून आवाज आला. "गुंडू झाला त्या दिवशी. चूल पेटली न्हवती. ह्याचा बा रडत स्टेशनाकडं पळाला."

पोरं खिदळली. गुरुजी मात्र खाटेकडं वळले. "अव्वा, भूकंपाला मी मोठा होतो. तूच मला ओढून बाहेर आणलंस. बा तेव्हा कुठं होता? तो जाऊन किती वर्षं झाली होती."

म्हातारीनं त्यांच्याकडं पाहिलं. चुकलं वाटतं, असा तिचा चेहरा झाला. "मग कवा पळाला?" तिनं विचारलं.

त्या दिवसापासून गुरुजींची झोप उडाली. त्यांनी वेगवेगळ्या तारखा सांगून पाहिल्या. तीन जानेवारीला सावित्रीबाईंचा जन्म सांगितला, तर त्या दिवशीही गुंडू झाला आणि चूल पेटली नाही. जानेवारी सरता सरता गुंडू इतक्या वेळा जन्मला की पोरांना तो खेळच झाला. गुरुजींनी दिनविशेष संपवला की सगळी पोरं एका सुरात विचारायची, "आणि आज कोण झालं?" आणि म्हातारी मोठ्या खुशीत सांगायची, "गुंडू."

तरी गुरुजींनी एक दोरी घट्ट धरून ठेवली होती. एका दुपारी ते मायाला म्हणाले, "चुलीचं तिनं आधी सांगितलं होतं. रडण्याचं मी बोललो, कबूल. पण स्टेशन? स्टेशनाचं मी बोललोच नव्हतो. ते तिचं स्वतःचं आहे. म्हणजे तेवढं तरी खरं."

माया काही बोलणार तोच आरुषीनं गृहपाठातून मान वर केली. "बोलला होता की अज्जा तुम्ही." आणि तिनं डोळे मिटून, गुरुजींनीच शिकवलेल्या पद्धतीनं, सहा डिसेंबर घडाघडा म्हणून दाखवला. आवाज धरणारं यंत्र, फिनलंड, बांगलादेश. "कुणाच्या घरी चूल पेटली नाही. मोठमोठे बाप्ये रस्त्यात बसून रडले. मुंबईला जायला मिळेल म्हणून लोक स्टेशनाकडं पळत सुटले. घरात काय आहे, पोरबाळ आहे, कशाचं कुणाला भान नव्हतं." एक शब्द इकडचा तिकडं नाही.

गुरुजींचं तोंड उतरलं. आरुषी शाबासकीची वाट बघत होती. ते "बरोबर" म्हणाले आणि उठून पडवीत गेले.

झालं काय हे त्यांना आता स्वच्छ दिसत होतं. म्हातारीच्या डोक्यात एवढंसं काहीतरी शिल्लक होतं, कुणाचीही चूल न पेटलेला एक दिवस. त्याला हात न लावता नुसतं थांबायचं होतं. त्यांनी काय केलं, तर त्यावर सहा महिने रोज नवीन धडा लिहिला, आणि शेवटी स्वतःला हवं ते उत्तर मोठ्या अक्षरांत लिहिलं. फळा भरला. खालचं आता कोणाला दिसणार नव्हतं, तिलासुद्धा. आणि हे करणारा दुसरा तिसरा कोणी नव्हता, तारखांचा मास्तरच होता. इतकी वर्षं भीती वाटायची म्हणून विचारलं नाही, आणि विचारायची वेळ आली तेव्हा उत्तर सांगून बसला. गुरुजींना स्वतःची चीड आली, आणि चिडीपेक्षाही जास्त रडू आलं.

त्यांनी दिनविशेष बंद केला. महिनाभर ते नुसते आईजवळ बसून राहिले. एक शब्द बोलायचे नाहीत. नवीन काही घातलं नाही तर खालचं वर येईल, अशी वेडी आशा. म्हातारी अस्वस्थ व्हायची. कट्ट्याकडं बघायची. "आज काय झालं हुतं?" असं दहादा विचारायची. गुरुजी उत्तर द्यायचे नाहीत. शेवटी ती रडायला लागली. तेव्हा माया म्हणाली, "अप्पा, तिचं जे होतं ते गेलं. हे एवढं पोरांचं तरी तिला राहू दे." ती नर्स होती, असलं रोज बघत होती. गुरुजींनी मान हलवली आणि पोरांना पुन्हा बोलावलं. पण आता सांगायचं काम आरुषीकडं दिलं. आपण चुरमुऱ्यांचा डबा घेऊन मागं बसायचे.

जूनच्या पहिल्या तारखेला पोरांनी बेत केला होता. कट्ट्यावर रांगोळी, रंगीत कागद, बेकरीतला छोटा केक. आरुषी उभी राहिली. "आजचा दिनविशेष. एक जून. याच दिवशी दख्खनची राणी पहिल्यांदा धावली. याच दिवशी पुण्याला आणि नगरला जोडणारी पहिली एसटी धावली. आणि याच दिवशी आमचे अज्जा जन्मले." टाळ्या पडल्या. मग तिनं म्हातारीकडं वळून विचारलं, "सांग मोठी अज्जी, अज्जा कधी झाला?"

पोरांनी तिच्याकडून पाठ करून घेतलं असणार, कारण नागुबाई अडखळली नाही. "एक जून," ती म्हणाली.

ती तारीख खोटी आहे हे सांगू शकेल असं हे जगातलं शेवटचं माणूस. पोरं ओरडली, "बरोबर!" म्हातारीनं ओंजळ पुढं केली. गुरुजी डबा घेऊन खाटेपाशी आले. चुरमुरे घालायच्या आधी ते वाकले. आता यातून काही निघणार नाही हे त्यांना माहीत होतं. तरी जन्मभर जे विचारलं नाही ते एकदा तोंडातून बाहेर पडावं, एवढंच.

"अव्वा," ते हळूच म्हणाले, "मी झालो तेव्हा बानं मला घेतलं होतं का गं?"

नागुबाईनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. ओंजळ तशीच पुढं होती. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ती भांबावली, आणि तिनं उत्तरासाठी आरुषीकडं पाहिलं. वर्गात बाकावरचं पोर शेजारच्याकडं बघतं ना, तसं. ती नजर गुरुजी जन्मभर ओळखत आले होते.

आरुषीला अज्जाचा चेहरा बघवला नाही. ती म्हातारीच्या कानाशी लागून कुजबुजली, "हो म्हण."

"व्हय," नागुबाई म्हणाली. "घेतलं हुतं."

गुरुजींनी तिच्या ओंजळीत चुरमुरे घातले.